टोकाचे केस

९ जानेवारी

आई,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता जेवढं असायचं तेवढं ठीक आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नसतं. तुमची लेक गेल्यापासून आपली गाडी ‘जेवलात का’च्या पुढे सरकलेलीच नाही. म्हणून म्हटलं, लिहावं.

विषय आमच्या कुत्रीचा, झिपरीचा आहे. तुम्हाला ती डोळ्यांसमोर नको असते हे ठाऊक आहे मला. पण तुम्ही जन्मभर नाटकवाल्यांचे टोप केलेत, केसांतलं तुमच्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. या जातीच्या टेरियरच्या अंगावर इतर कुत्र्यांसारखी लव नसते. चांगले माणसासारखे केस असतात. झडत नाहीत, नुसते वाढत सुटतात, आणि पाठीच्या मधोमध भांग पडून दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकतात. घरी आणली तेव्हा मुठीत मावणारं काळंकुट्ट पिल्लू होतं. दीड-दोन वर्षांत पाठ पोलादी निळी झाली आणि तोंड सोनेरी. तुमची लेक म्हणायची, आपली फसवणूक झाली, आपण दुसरंच कुत्रं आणलं होतं.

तिचा सकाळचा कार्यक्रम ठरलेला असायचा. ओट्यावर टॉवेल, टॉवेलवर झिपरी, मग पाण्याचा फवारा, मग कंगवा. शेवटी डोळ्यांवर येणाऱ्या बटा वर घेऊन एक शेंडी. आजारपणातही तिनं खाडा केला नाही. उभं राहवेना तेव्हा पलंगावर बसून करायची. मला वाटायचं, त्यात काय मोठंसं, कोणीही करेल. आता कळतंय. मी लिफ्टचे दोर बदलणारा माणूस, माझ्या बोटांना तारा कळतात. हे केस हातात आले की मी आंधळा होतो. कानांमागे आणि काखेत एवढाल्या गाठी झाल्यात.

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानातली बाई म्हणाली, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही, सगळे बारीक करून टाका, कुत्रंही सुखी आणि तुम्हीही. शनिवारची वेळ दिली आहे. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, इतकंच.

तुमचा जावई
(अजून असंच लिहायचं ना?)


१४ जानेवारी

जावईबापू,

जावई नाही तर काय लिहिणार? नातं काय लिफ्ट आहे, वर गेली की खालचा मजला सुटला? पुन्हा असलं काही कंसात लिहू नका.

शनिवारची वेळ आधी रद्द करा. मग पुढचं वाचा.

केस मुळाशी वाढतो. आज जो मुळाशी आहे तो पुढच्या वर्षी मध्यावर येतो आणि त्यापुढच्या वर्षी टोकाला. माझ्याकडे लांब वेणी विकायला आली की मी टोक हातात धरून सांगू शकते, ही बाई दोन वर्षांमागे तापानं आजारी होती. आता झिपरीचा विचार करा. मुळाशी आहेत ते तुमच्या हातचे. टोकाला आहेत, जे जमिनीला टेकतात, ते माझ्या चिमीच्या हातचे. त्या केसांतून तिची बोटं रोज फिरली आहेत. आणि तुम्ही ते दुकानातल्या बाईला झाडून टाकायला देणार?

माझ्याकडे तिचा एक केस नाही. ज्या घरात पोत्यांनी केस पडलेत त्या घरात माझ्या पोरीचा एक केस नाही. तिचे दवाखान्यात उशीवर गळले आणि कोणीतरी झटकले. मी तिच्यासाठी टोप केला होता, तुम्हाला आठवत असेल. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. एकेक केस जाळीत ओवला, भांगसुद्धा तिच्या भांगासारखा थोडा डावीकडे. प्रत्येक वेळी आले की तिनं तो घातलेला असायचा. दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, काहीच झालेलं नाही हिला.

आता नीट ऐका. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही, तुटतात. गाठीच्या वर, मुळाशी, चिमटीत घट्ट धरायचं आणि टोकाकडून सोडवत वर यायचं. घाई नको. सुटले की तेलाचा हात फिरवा. मग बटा करा, प्रत्येक बट पातळ कागदात गुंडाळून दुमडून रबर लावा. मी लांब केस असेच ठेवते, वीस वर्षं काही होत नाही त्यांना. आंघोळ कमीत कमी. पाण्यानं केस झिजतो.

कळवत राहा.

चिमीची आई


२ फेब्रुवारी

आई,

वेळ रद्द केली. दुकानातली बाई नाराज झाली, पण तिला काय सांगणार.

तुमचं पत्र ओट्यासमोर भिंतीला चिकटवलं आणि कामाला लागलो. कानामागची एक गाठ सोडवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. पण सुटली. मग पुढची. झिपरीनं पहिल्यांदा मला चावायचं नाटक केलं, मग कंटाळून ओट्यावरच झोपली. कागदात गुंडाळल्यावर असं ध्यान दिसायला लागलं की जिन्यातल्या शेजारणीनं विचारलं, कोणाला भेट पाठवताय का? मी कितीतरी दिवसांनी हसलो. हसल्यावर वाईट वाटलं, तेही लिहून टाकतो.

तुम्ही तिला कधी नीट बघितली नाहीत म्हणून सांगतो. हिचं वजन भाजीच्या पिशवीएवढं, पण हिला स्वतःबद्दल फार मोठा गैरसमज आहे. समोर वासराएवढं कुत्रं आलं तरी ही आधी धावून जाते. यांचे पूर्वज गिरण्यांत उंदीर मारायचे म्हणे. मागे मी हिला लिफ्टच्या यंत्रखोलीत नेली होती, तर कोपऱ्यातून उंदीर काढून माझ्या पायाशी आणून ठेवला आणि पगार मागितल्यासारखी बघत बसली. गळ्याला पट्टा चालत नाही. यांची श्वासनळी नाजूक, जरा ओढ बसली की बदकासारखा खोकला सुरू होतो. म्हणून छातीला पट्टा. थंडी फार लागते. उपाशी राहिली तर थरथरते, म्हणून थोडं थोडं सारखं द्यायचं. हे सगळं तुमच्या लेकीनं मला पाठ करून घेतलंय. तेव्हा वाटायचं, मला कशाला सांगते, तू आहेस ना.

संध्याकाळी कामावरून आलो की हात घासून घासून धुतो आणि बसतो. टोकाचे केस बोटांत आले की मी थांबतो. बराच वेळ थांबतो. तुम्ही लिहिलं नसतंत तर मला हे कळलंच नसतं, आई. मी तुमचे उपकार विसरणार नाही.

एक अडचण आहे. चालताना टोकं जमिनीला घासून तुटतात. काय करू?

जावई


७ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र मी चार लोकांना वाचून दाखवलं. टोप बसवायच्या लाकडी डोक्यांना धरून. पलीकडच्या फळीवर राजाची, विदूषकाची आणि दोन म्हाताऱ्यांची डोकी आहेत, त्यांनी मान डोलावली.

अडचण कसली, चालवू नका. कडेवर घ्या. बाहेर न्यायची तर कापडी झोळी करा. घरात गुळगुळीत चादर अंथरा. कागद दिवसरात्र ठेवा, उघडून बघायची सारखी हौस नको. उघडलं की वारा लागतो, गुंता होतो. तेल जरा सढळ हातानं. कागद या पत्रासोबत पाठवते आहे, माझ्या कामातला आहे, बाजारातला खरखरीत नको. आंघोळ मी सांगेपर्यंत नाही म्हणजे नाही.

मला ते कुत्रं आवडायचं नाही हे खरं आहे. नातवंडाच्या जागी मांडीवर ते झिपरं बसलेलं बघून मी तोंड फिरवायची. एकदा मी बोलूनही गेले. चिमी त्याच्या शेंडीचं रबर नीट करत बसली. आता मला रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचाच येतो. बघा, कशी वेळ आली माझ्यावर.

नवीन नाटकाचं काम आलंय, सगळ्या बायकांचे लांब केस. बसून बसून पाठ धरते. पण ओवताना मनात असतं, तिकडे माझ्या पोरीचे केस आहेत, जिवंत आहेत, कागदात नीट ठेवलेले आहेत. मग हात चालतो.

चिमीची आई


३ मार्च

आई,

उत्तराला उशीर झाला. मोठ्या इमारतीचं काम होतं, दोन्ही लिफ्ट एकदम बंद. लोक जिने चढताना माझ्या खानदानाचा उद्धार करायचे.

कागद पोचला, छान आहे. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय. टोकं आता तुटत नाहीत.

झिपरीचं मन मात्र लागत नाही. खाणं कमी झालंय. पूर्वी सोफ्यावर उडी मारून बसायची, आता खालीच कोपऱ्यात असते. भुंकत नाही. लिफ्टचा आवाज आला की दाराशी धावायची, तेही बंद. पोटाजवळच्या कागदांना हात लावू देत नाही, गुरगुरते. मग मी ते तसेच ठेवतो. तेलाचा थोडा वास येतो अंगाला, कुबटसा. मला वाटतं, तिला आत्ता समजलंय की तुमची लेक परत येणार नाही. इतके दिवस वाट बघत असेल. माझंही असंच झालं होतं ना, सुरुवातीला कामं निघतात, आणि मग एक दिवस कामं संपतात.

तिच्याजवळ खाली बसून असतो. 

जावई


८ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र वाचून मी काम बाजूला ठेवलं आणि पोटभर रडले. मुक्या जनावराला कळतं. या गावात मला भेटायला येणाऱ्या बायकांना कळत नाही, त्या मला सांगतात, आता सावरा. सावरा म्हणजे काय, शाल आहे का ती?

झिपरी शोक करते आहे. करू द्या तिला. मीही खात नाही, माझ्यातही उडी मारायचं बळ नाही. गुरगुरत असेल तर कागद उघडू नका. तिलाही ते जपायचे असतील, कोण जाणे. तेलाला वास येतोच, तेल बदलून बघा.

तिला सांगा, मी तिच्यावर रागावलेली नाही.

चिमीची आई


२७ मार्च

आई,

हे पत्र जलद टपालानं पाठवतोय. उद्या मिळेल.

काल संध्याकाळी घरी आलो तर झिपरी कोपऱ्यात आडवी पडली होती. हाक मारली तर डोळे उघडले, पण उठली नाही. अंग तापलेलं. झोळीत घालून जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे धावलो. त्यांनी पोटाजवळचा एक कागद कात्रीनं उघडला आणि मला म्हणाल्या, तुम्ही जरा खुर्चीवर बसा.

कागदाखाली केस होते. अगदी नीट होते, तुम्ही म्हणाला होतात तसे. पण केसांच्या मुळाशी कातडी राहिली नव्हती. तेल आणि ओल आत साठून ती कुजली होती. रबरांचा ताण बसून जागोजाग फाटली होती. कानांवर, काखेत, पोटावर जखमा. ती उडी मारत नव्हती कारण उडी मारली की कातडी ओढली जायची. मी त्याला शोक म्हणत होतो, आई. तिच्या शेजारी बसून मी माझंच रडत होतो आणि तिला ठणका लागला होता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी, त्या नाटकांचे टोप करतात, केसांतलं त्यांना सगळं कळतं. त्या रागावल्या नाहीत. जखम धुता धुता म्हणाल्या, “टोपाखाली कातडी नसते हो. हिच्या केसांखाली आहे.”

सगळे केस मशीननं काढायला हवेत, एकही ठेवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. कालच काढणार होत्या. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. त्यांनी विचारलं, घरी कोण आहे?  त्यांनी ताप उतरायचं औषध दिलं आणि सांगितलं, फार दिवस थांबू नका, जखमांचं विष रक्तात गेलं तर एवढ्याशा जिवाला वाचवता यायचं नाही.

तुमच्याशिवाय मी हे ठरवू शकत नाही. ते केस तुमचेही आहेत. लगेच लिहा.

जावई


२९ मार्च

जावईबापू,

डॉक्टरांना दुसरं काय येतं? चिमीलाही त्यांनी आधी कापलं. मग म्हणाले, अजून थोडं कापायला हवं होतं. कापून काय मिळालं आपल्याला, सांगा.

मशीन लावू देऊ नका. जखमेभोवतीचे काढा, पाठीवरचे आणि बाजूचे राहू द्या. माझी वाट बघा. नाटकवाल्यांचं काम शुक्रवारी देऊन मी येते. मी स्वतःच्या हातानं करीन, मुळाशी धरून एकेक बट कापीन, क्रमानं लावीन, बांधीन. त्या डॉक्टरबाईंच्या मशीननं सगळा पाला होईल. तोवर औषध चालू ठेवा. चार दिवसांत काय होतंय?

माझं तेवढंच उरलंय. तुमच्याजवळ घर आहे, तिची भांडी आहेत, तिची उशी आहे. माझ्याजवळ काय आहे, ते तुम्हीच बघा. तेवढंच उरलंय माझं, जावईबापू. मी तुमच्या पाया पडते.

चिमीची आई


३१ मार्च

आई,

तुमचं पत्र सकाळी कामावर जाताना मिळालं. जिन्यातच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं, वर गेलो, झिपरीला झोळीत घातली आणि डॉक्टरबाईंकडे नेऊन सगळे केस काढून टाकले. तुमचं पत्र वाचून, समजून, मी ते केलं. उगीच टपाल उशिरा आलं असं सांगणार नाही.

तिथल्या मदतनीस बाईंनी केस पिशवीत भरून विचारलं, हवेत का? ते सगळे चिकटलेले होते, रक्त आणि पू लागलेलं होतं. मी नको म्हटलं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं मी तुमच्या लेकीला वचन दिलं होतं. पण तुम्ही चार दिवसांत काय होतंय असं विचारलंत, म्हणून लिहितो.

कानांवरच्या जखमा बघितल्या तेव्हा मला त्या ओळखीच्या वाटल्या. टेबलाजवळ उभा राहून आठवत होतो, कुठे बघितल्या. तुमच्या लेकीच्या कानांवर बघितल्या होत्या. तुमच्या टोपाची कड तिला तिथे घासायची. औषधांनी तिची कातडी इतकी हळवी झाली होती की उशीची शिवणसुद्धा टोचायची. एरवी ती टोप घालत नसे. तुम्ही येणार असलात की तुमची बस यायच्या सुमाराला घालून दारात उभी राहायची. तुम्ही असेपर्यंत काढायची नाही, झोपतानाही नाही. तुम्ही गेलात की मी दोन्ही बाजूंना मलम लावायचो. मी चिडायचो, सांगून टाक ना आईला. ती म्हणायची, आईनं एवढा जीव ओतलाय, तिला बघू दे.

टोपाखाली कातडी असते, आई. तिच्या होती.

ती तुमच्यासाठी गप्प बसली. झिपरी माझ्यासाठी गप्प बसली. आणखी कोणी केसांसाठी मरायला नको, म्हणून मी काढले. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजून घेईन.

जावई


१८ एप्रिल

आई,

तुमचं उत्तर नाही. शुक्रवारी आलाही नाहीत. मी दर बसला थांब्यावर जाऊन बघून येत होतो.

माझं पत्र फार कडू होतं. खोटं त्यात काही नव्हतं, पण तुम्हाला ते कळून काय उपयोग होता? ती असताना कळलं असतं तर गोष्ट वेगळी. रागाच्या भरात माणूस दुसऱ्याच्या पोटात सुरी घालतो आणि मग म्हणतो, खरंच बोललो. मला क्षमा करा.

झिपरी वाचली. डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडक्यात. आता खाते. कातडी भरून येते आहे. केसांखाली इतकंच कुत्रं होतं, बघून धक्का बसतो. कान केवढे मोठे, पाय काटक्यांसारखे. जिन्यातली शेजारीण म्हणाली, नवीन आणलं का? थंडी वाजते म्हणून माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून घातली आहे. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं आंघोळ, मग अंग पूर्ण कोरडं करायचं. रोज बोटं फिरवून कातडी तपासायची. बारीक केस यायला लागलेत, पाठीवर. ते सगळे माझ्याच हातचे असणार.

मलाही ते हवे होते, आई. टोकाचे. फक्त तुम्हालाच नाही.

एक ओळ लिहा.

जावई


२० मे

जावईबापू,

रविवारी न कळवता आले आणि तुम्ही दार उघडून नुसते बाजूला झालात, हे बरं केलंत. चहा घेतला, हवापाण्याचं बोललो, बसची वेळ झाली तशी निघाले. बोलायचं होतं ते तसंच राहिलं. लिहिताना जमेल असं वाटतं.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. राग आला नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं, तुम्हाला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी कामाला बसायची आणि केस ओवायचा आकडा हातातून पडायचा, काम रखडलं. परवा त्या नाटकातल्या मुख्य बाई टोप चढवून बघायला आल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं, टोचतो का हो? त्या हसल्या. म्हणाल्या, “सगळेच टोचतात, बाई. पण तुमच्यासमोर बोलायची छाती कोणाची?”

मला वाटायचं, त्या माझ्या कामाचा मान ठेवतात.

रविवारी तुम्ही दूध आणायला खाली गेलात तेव्हा झिपरी माझ्याजवळ आली. मी तिला कधी हात लावलेला नव्हता, म्हणजे खरंच कधीच नव्हता. चिमीच्या मांडीवर बसायची तेव्हा मी त्या बाजूला बसायचीसुद्धा नाही. तिनं माझ्या पायावर हनुवटी ठेवली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस नव्हते, थोडी खरखर होती, आणि त्याखाली गरम होतं. इतकं गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या हाताला लाकडी डोक्यांची सवय. मी हात काढला नाही. तुमची पावलं जिन्यात वाजली तेव्हा काढला.

मी माझ्या मुलीच्या डोक्याला शेवटचा हात लावला तेव्हा तिला केस होते. नंतर जो लावला तो माझ्याच टोपाला लावला. तिनं माझ्यासमोर डोकं खाली केलं की मी भांग नीट करायची आणि म्हणायची, छान बसलाय.

तुम्ही तिच्या डोक्याला हात लावला आहे. तुम्हाला माहीत आहे. मला एवढंच लिहून कळवा, तिचं डोकंही असंच होतं का? असंच गरम होतं का? मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. जसं होतं तसं लिहा.

आई


२६ मे

आई,

जसं होतं तसं लिहितो.

डोकं लहान होतं. केस असताना एवढं लहान वाटायचं नाही. मागे मानेच्या वर एक खळगा होता आणि उजव्या कानाच्या वर एक तपकिरी तीळ. तिला स्वतःला तो माहीत नव्हता. मी आरसा धरून दाखवला तर म्हणाली, हा आईनं बघितलेला असणार, मी जन्मले तेव्हा. पुढे कपाळाजवळ कातडी चमकायची, मागे मात्र मऊ होती. शेवटच्या महिन्यात बारीक लव आली होती, हाताला लागायची, डोळ्यांना दिसायची नाही. त्यावरून उलटा हात फिरवलेला तिला आवडायचा.

गरम नव्हतं, आई. गार असायचं. खोली कितीही गरम केली तरी डोकं गार. टोपी घातली तर टोचायची. म्हणून ती झिपरीला उशीवर घ्यायची आणि तिचे केस स्वतःच्या डोक्यावर ओढून झोपायची. सकाळी उठून ते विंचरत बसायची, कारण रात्रभर त्यांचा गुंता झालेला असायचा.

दुपारी झिपरी खाली उतरली की मी हात ठेवायचो. आधी नुसतं गार लागायचं. हात तसाच ठेवून बसलं की थोड्या वेळानं गरम व्हायचं.

जावई